तीनदा विसळलेली बाटली

आमच्या इचलकरंजीत ओढ्याच्या पाण्याचा रंग बघून आज प्रोसेसमध्ये कुठला माल चाललाय हे सांगणारी माणसं होती. माझे वडील त्यांतले एक. ते यंत्रमागावर जॉबर होते, रंगाईशी त्यांचा संबंध नव्हता, पण रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी येताना काळ्या ओढ्याच्या पुलावर पाय टेकायचे, खाली बघायचे आणि चहा पिताना आईला सांगायचे, "आज लाल सोडलंय. साड्यांचा लॉट दिसतोय." त्यामुळे आम्हा पोरांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती: घाण पाण्याला रंग असतो, आणि ज्याला रंग नाही ते पाणी चांगलं.

२०१२ च्या उन्हाळ्यात गावात काविळीची साथ आली. मी तेव्हा लग्न होऊन कॅलिफोर्नियात आले होते. आई फोनवर म्हणाली, "पाणी तर काचेसारखं होतं गं." हिपॅटायटिस ई या विषाणूला रंग नसतो, वासही नसतो. सांडपाण्याचा अंश मिसळलेल्या पाण्यातून तो पोटात जातो आणि गरोदर बायकांना सगळ्यांत जास्त छळतो. आमच्या गल्लीतली एक सून त्यात गेली. आई पंधरा दिवस अंथरुणाला खिळली, मग उठली.

दुसऱ्यांदा डोळ्यांनी फसवलं ते ९ सप्टेंबर २०२० ला, आम्ही राहतो त्या सनीवेलमध्ये. कॅलिफोर्नियातली जंगलं पेटली होती. सकाळी नऊ वाजता आभाळ गडद भगवं झालेलं, रस्त्यावरचे दिवे विझलेच नव्हते. माझी लेक तेव्हा दहा वर्षांची, तिला दम्याचा त्रास. मी खिडक्यांच्या फटींना ओले टॉवेल लावले आणि फोनवर हवेचा आकडा बघितला, तर तो ऑगस्टमधल्या वाईट दिवसांपेक्षा चक्क बरा! पुढे कळलं की त्या दिवशी धूर उंचावर होता. समुद्रावरून आलेल्या गार, धुकट हवेचा थर खाली होता आणि धूर त्याच्यावर पसरला होता. सूर्यप्रकाशातला निळा भाग वरच्या वरच अडल्यामुळे खाली नारिंगी उजेड पडत होता. दोन दिवसांनी आभाळ नुसतं करडं झालं, आम्हाला हायसं वाटलं, आणि तेव्हाच तो धूर जमिनीवर उतरला. आकडा लाल पट्ट्यात गेला. लेकीला धाप लागली ती त्या दिवशी.

मोजतात कसं, हे शिकायचं मी तेव्हा मनावर घेतलं. अडचण एवढीच की माझं शिक्षण बारावी कॉमर्स आणि एफ.वाय. बी.कॉम., आणि प्रत्यक्ष नाव घालेपर्यंत वय झालं एकोणचाळीस.

कुणालाच नाही न म्हणणारं कॉलेज

रस्ता दाखवला आमच्या इमारतीतल्या एका मेक्सिकन आजीबाईंनी. सत्तरीला टेकलेल्या या बाई आठवड्यातून दोनदा चित्रकलेच्या वर्गाला जायच्या. "कुठे?" म्हटलं, तर म्हणाल्या, "कम्युनिटी कॉलेजला. तू पण ये."

अमेरिकेत बारावीनंतरची पदवी चार वर्षांची. तिची पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करायची आणि मग विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं, याला 'ट्रान्सफर' म्हणतात. आपल्याकडे डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट सेकंड इयरला प्रवेश घेतात, तशातलाच प्रकार. फरक हा की डिप्लोमाला मेरिट लिस्ट असते. इथे अठरा पूर्ण झालेल्या आणि शिकू शकणाऱ्या कुणालाही दार उघडं. मार्कशीट कुणी मागितली नाही. एफ.वाय.च्या गुणपत्रिकेची मी लॅमिनेट करून ठेवलेली प्रत पिशवीतच राहिली.

असं पहिलं सार्वजनिक कॉलेज १९०१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी एका हायस्कूलला जोडून सुरू झालं. कॅलिफोर्नियानं १९०७ मध्ये कायदा करून हायस्कूलांना बारावीपुढचे वर्ग चालवायची मुभा दिली, आणि १९६० मध्ये सगळ्या उच्च शिक्षणाचा एक आराखडा ठरवला. हायस्कूलमधले वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी 'युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया'साठी पात्र, वरचा एक तृतीयांश राज्य विद्यापीठांसाठी, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांसाठी. त्यात महत्त्वाची मेख अशी की खालून वर जायला जिने ठेवायचे. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत.

माझं कॉलेज डी आन्झा. क्युपर्टिनोत, १९६७ पासून. ॲपलचा एक संस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक इथे काही काळ शिकला आणि मग बर्कलीच्या विद्यापीठात गेला. सनीवेलहून ५५ नंबरची बस थेट कॉलेजच्या दारात सोडते. राज्यातल्या रहिवाशाला फी तिमाही सत्रातल्या एका क्रेडिटला, म्हणजे 'क्वार्टर युनिट'ला, ३१ डॉलर. ट्रान्सफरला ९० युनिट लागतात, म्हणजे दोन वर्षांच्या शिक्षणाची मूळ फी २,७९० डॉलर. पुस्तकं, प्रयोगशाळेचा चष्मा, बस हे वेगळं. उत्पन्न कमी असेल तर ही फीसुद्धा माफ होते. मात्र हा भाव रहिवाशांचा; विद्यार्थी व्हिसावर थेट भारतातून येणाऱ्याला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात, हे ज्यांची मुलं इकडे यायचं म्हणतात त्यांनी ध्यानात ठेवावं.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी हे उत्साहानं सांगितलं. मोदकाचं ताट पुढे करत एक वहिनी म्हणाल्या, "अय्या, कम्युनिटी कॉलेज का? छान! काहीतरी विरंगुळा हवाच." आमच्या भागात मुलं बर्कलीला गेली की बातमी मंडळभर होते आणि कम्युनिटी कॉलेजला गेली की आईबाप 'सध्या गॅप घेतलाय' म्हणतात. मी मोदक खाल्ला आणि गप्प बसले.

पाणी कसं घ्यावं

सप्टेंबर २०२२ मध्ये वर्ग सुरू झाले. कॉलेजात पर्यावरणासाठी स्वतंत्र इमारत आहे, कर्श सेंटर. २००५ मध्ये उघडलेली ही इमारत कमीत कमी वीज खाईल अशी बांधलेली आहे आणि तिला हरित इमारतींसाठीचं सर्वोच्च, प्लॅटिनम मानांकन आहे. शेजारी कॅलिफोर्नियातल्या निरनिराळ्या वनस्पतिसमूहांची एक छोटी राखलेली जागा आहे. दहा पावलांत समुद्रकाठची झुडपं संपतात आणि ओकची झाडं सुरू होतात. मधल्या सुट्टीत मी तिथे डबा खायचे.

वर्गात तेवीस जण होतो. सैन्यातून परतलेला एक तिशीचा माणूस, आईच्या नेल सलॉनमध्ये संध्याकाळी काम करणारी व्हिएतनामी मुलगी, हायस्कूल अर्ध्यात सोडून आता पुन्हा आलेला एक मेकॅनिक, निवृत्त झालेल्या एक शिक्षिका. मला वाटलं होतं मी सगळ्यांत मोठी असेन. तिसरा नंबर लागला.

जानेवारी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात एकामागून एक वादळं आली. तीन वर्षांच्या दुष्काळानंतर ओढे तुडुंब झाले. पाऊस ओसरल्यावर आमच्या सरांनी आम्हाला एका ओढ्याच्या काठी नेलं आणि पहिला तास फक्त बाटलीत पाणी कसं घ्यायचं यावर घालवला. मला हसू आलं. ज्या गावात पंचगंगेवर धुणी धुतली जातात तिथली मी. मला पाणी भरायला शिकवणार!

पण मी चुकलेच. प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभी राहिले आणि माझ्याच बुटांनी ढवळलेला गाळ बाटलीत भरला. सरांनी बाटली ओतून टाकली. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे करायचं, बाटली आपल्या पुढे धरायची, म्हणजे आपण ढवळलेलं पाणी मागे जातं. आणि नमुना घेण्याआधी बाटली त्याच ओढ्याच्या पाण्यानं तीनदा विसळायची, ते पाणी खालच्या अंगाला टाकायचं. घरून स्वच्छ धुऊन आणली असली तरी. आत नळाच्या पाण्याचा थेंब राहिला तर त्यातलं क्लोरीन तुमच्या आकड्यात शिरतं.

त्या दिवशी ओढ्याचं पाणी घट्ट चहाच्या रंगाचं होतं. मी वहीत अंदाज लिहिला: 'खूप खराब'. मग पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजला, तर तो भरपूर. कारण सोपं होतं. गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो: १० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. शिवाय पाणी दगडांवर आपटत होतं, त्यातून हवा मिसळत होती. गाळ होता, त्याचा माशांच्या अंड्यांना त्रास होतो. पण त्या घडीला मासे गुदमरत नव्हते. तोच ओढा सप्टेंबरात गेलो तेव्हा नितळ होता. डबक्यांचे तळ दिसत होते. पाणी कोमट, थांबलेलं, शेवाळ साचलेलं, आणि ऑक्सिजन जानेवारीच्या निम्म्याहून खाली.

दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी लिहिताना मला ओढ्याचा पूल आणि त्यावर सायकल टेकवून उभे असलेले वडील आठवले. त्यांचं निरीक्षण खोटं नव्हतं. ते अर्धं होतं.

स्टडीज की सायन्स?

पहिल्या वर्षी मी आवडतील ते कोर्स घेतले: वन्यजीव, सौर ऊर्जा, पर्यावरण आणि समाज. सगळ्यांत ए ग्रेड. एप्रिलमध्ये ट्रान्सफरची चौकशी करायला समुपदेशकांकडे गेले. त्यांनी माझी यादी बघितली आणि शांतपणे विचारलं, "तुला 'एन्व्हायर्न्मेंटल स्टडीज' करायचंय की 'एन्व्हायर्न्मेंटल सायन्स'?"

मला दोन्ही एकच वाटत होतं. तसं नाही. स्टडीजकडे झुकलेल्या पदवीत कायदा, धोरण, अर्थशास्त्र, समाज यांवर भर. विज्ञान असतं, पण वरवरचं. सायन्समध्ये हवा, पाणी, माती यांचं रसायन, जीवशास्त्र आणि आकडेमोड. विद्यापीठ तिसऱ्या वर्षाला घेताना विचारतं की जनरल केमिस्ट्री प्रयोगांसह झालीय का, बायॉलॉजीचा पूर्ण संच झालाय का, कॅल्क्युलस आणि स्टॅटिस्टिक्स झालंय का. माझ्याकडे यातलं एकही नव्हतं. माझे बरेच युनिट एकूण बेरजेत धरले जाणार होते, पण पदवीच्या वाटेवर जागचे हलणार नव्हते.

चूक माझीच होती. कॅलिफोर्नियात 'असिस्ट' नावाची एक सरकारी जंत्री आहे. डाव्या रकान्यात विद्यापीठाचा कोर्स, उजव्या रकान्यात तुमच्या कॉलेजातला त्याच्या तोडीचा कोर्स. काही ओळींत उजवीकडे लिहिलेलं असतं की समतुल्य कोर्स नाही. ही जंत्री पहिल्या दिवशी उघडायची, ती मी सातव्या महिन्यात उघडली. ट्रेनमध्ये बसून मग तिकीट कुठलं हे बघण्यातला प्रकार.

तिथल्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आणखी एक शब्द असतो, 'गोल्डन फोर'. राज्य विद्यापीठात जायचं तर चार विषय आधी उत्तीर्ण हवेत: बोलणं, लिहिणं, तर्कानं विचार करणं आणि गणित. युनिटची बेरीजही सांभाळावी लागते. आमचं कॉलेज क्वार्टरवर चालतं, म्हणजे बारा-बारा आठवड्यांची सत्रं. बरीच विद्यापीठं सेमिस्टरवर. ९० क्वार्टर युनिट म्हणजे ६० सेमिस्टर युनिट. राज्य विद्यापीठ कम्युनिटी कॉलेजचे जास्तीत जास्त १०५ क्वार्टर युनिट मोजतं. त्यापुढचं शिकलेलं डोक्यात राहतं, हिशेबात येत नाही.

या गुंत्यात किती जण अडकतात, याचा हिशेब राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये मांडला. २०१७ ते २०१९ या काळात ट्रान्सफरच्या इराद्यानं आलेल्यांपैकी चार वर्षांच्या आत जेमतेम पाचातला एक जण ट्रान्सफर झाला. नोकरी, मुलं, घरभाडं ही कारणं आहेतच, पण न जुळणाऱ्या याद्या हेही एक. म्हणून सुधारणा चालू आहेत: युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि राज्य विद्यापीठ या दोन्हींना चालेल असा सामान्य विषयांचा एकच संच २०२५ च्या पानगळीच्या सत्रापासून लागू झाला. मला मात्र जुन्या पद्धतीतूनच जावं लागलं.

कोल्हापुरात बी.एस्सी. करणाऱ्या भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मामी, आमचं पण आता क्रेडिट बँकेत जमा होतंय." २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडेही क्रेडिट साठवून दुसरीकडे नेण्याची सोय आली आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, "जमा किती झालं ते बघतोयस, तसं जिथं जायचंय तिथं काय चालतं तेही आत्ताच बघून ठेव."

फिका गुलाबी

केमिस्ट्रीच्या आधी गणित. उन्हाळ्याची सुट्टी मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॉगॅरिदम सोडवण्यात घालवली. लेक आता सातवी संपवून आठवीत चालली होती. ती माझी गणितं तपासायची आणि माझीच वाक्यं मला ऐकवायची: "स्टेप्स लिही, आई. उत्तराला मार्क नसतात."

मग वर्षभर जनरल केमिस्ट्री. पाच-पाच युनिटची तीन सत्रं, आठवड्याला दोनदा प्रयोगशाळा. मोल ही कल्पना मला तीन आठवडे कळली नाही. कळली ती डाळीवरून. डाळ कुणी दाणे मोजून घेत नाही, वजनावर घेतो. पण एका दाण्याचं वजन माहीत असेल तर किलोत दाणे किती ते काढता येतं. अणूंचंही तेच. फक्त दाण्यांची संख्या ६ वर २३ शून्यं इतकी.

टायट्रेशनमध्ये ब्युरेटमधून थेंब थेंब अल्कली सोडायचं. फ्लास्कमधलं पाणी एका क्षणी फिकं गुलाबी होतं आणि तसंच राहतं. तो आकडा घ्यायचा. गडद गुलाबी झालं की गेलं, पुन्हा पहिल्यापासून. शेजारचा मेकॅनिक पहिल्या दिवशी चार वेळा गडद करून बसला. मला तिसऱ्यांदा जमलं. आयुष्यभर ज्या रंगावर विसंबले त्यानं इथं पहिल्यांदा नेमकं उत्तर दिलं, कारण त्याच्यामागे मोजलेला थेंब होता.

या रसायनाचा उपयोग कळला तो आमच्याच पायाखालच्या जमिनीत. सिलिकॉन व्हॅलीचं पाणी बरंचसं भूगर्भातून येतं. पूर्वी इथे जर्दाळू आणि प्लमच्या बागा होत्या. त्यांच्यासाठी आणि वाढत्या शहरांसाठी एवढा उपसा झाला की गेल्या शतकात सॅन होजेच्या मध्यवस्तीतली जमीन सुमारे १३ फूट खचली. खाडीकाठचं अल्विसो गाव समुद्रसपाटीच्या खाली गेलं. १९६० च्या दशकाच्या शेवटी खचणं थांबलं ते बाहेरून पाणी आणून आणि मोठ्या तळ्यांतून ते जमिनीत जिरवून. ही तळी आम्ही बघायला गेलो. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ऐकत वाढलेल्या मला तिथे फार परकं वाटलं नाही.

मग चिप बनवणारे कारखाने आले. धूर नाही, चिमण्या नाहीत, पुढे हिरवळ. चिपचे भाग धुवायला ट्रायक्लोरोएथिलीनसारखी द्रावणं लागत. जमिनीखालच्या टाक्यांमधून ती गळत होती, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उघड झालं. हे द्रावण पाण्यापेक्षा जड, त्यामुळे तळाशी जाऊन बसतं आणि वर्षानुवर्षं हळूहळू विरघळत राहतं. पिण्याच्या पाण्यात त्याची अमेरिकी मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम. दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणा. सगळ्या टँकरात मिळून ५० मिलिग्रॅम, एक-दोन थेंब, की मर्यादा गाठली. सरकारनं धोकादायक ठरवून साफसफाईच्या 'सुपरफंड' यादीत घातलेल्या जागा अमेरिकेतल्या कुठल्याही काउंटीपेक्षा आमच्या सांता क्लारा काउंटीत जास्त आहेत. आमच्या सनीवेलमध्येही आहेत. चाळीस वर्षं होऊन गेली, पाणी उपसून शुद्ध करण्याचं काम अजून चालू आहे.

हे वर्गात ऐकलं त्या दिवशी मी आईला फोन केला. "आई, हितं पण काळा ओढा हाय," म्हटलं. "फकस्त जमिनीखाली हाय."

चार मिनिटांचं भाषण

गोल्डन फोरमधलं बोलणं शेवटपर्यंत टाळलं होतं. इंग्रजीत उभं राहून चार मिनिटं, कागद न बघता. मी विषय घेतला पंचगंगेवरचं केंदाळ. नदीत सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतो, त्यावर केंदाळ पोसतं, पात्र झाकून टाकतं, खालच्या पाण्याला ऊन मिळत नाही, आणि कुजायला लागलं की उरलासुरला ऑक्सिजन संपवतं. वरून नदी क्रिकेटच्या मैदानासारखी हिरवीगार दिसते. फोटो दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी "ब्युटिफुल!" म्हणालं. पुढची तीन मिनिटं सोपी गेली. मला फक्त ते सुंदर का नाही एवढंच सांगायचं होतं.

तिसऱ्या वर्षी बायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स, कॅल्क्युलस. २०२४ च्या सप्टेंबरात अर्जांची धांदल उडाली. व्हिएतनामी मुलीनं 'टॅग' भरला. हा एक लेखी करार असतो: ठरलेले विषय, ठरलेले ग्रेड मिळवलेत तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या सहा कॅम्पसपैकी तुम्ही निवडलेल्या एकावर जागा नक्की. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्यात नाहीत. ती डेव्हिसला गेली. मेकॅनिकनं ट्रान्सफरचा नाद सोडला. पाणी शुद्धीकरणाचं प्रमाणपत्र घेऊन तो सांडपाणी केंद्रावर लागला, आणि पगाराचा आकडा त्यानं सांगितला तेव्हा आम्ही सगळे क्षणभर गप्प झालो. दोन वर्षांच्या कॉलेजची ही दुसरी बाजू: इथून वर जाता येतं तसं सरळ बाहेरही पडता येतं.

मला घर सोडून लांब जाणं शक्य नव्हतं. मी सॅन होजे स्टेट हे राज्य विद्यापीठ घेतलं. कॅलट्रेननं जाता येतं. १९७० च्या फेब्रुवारीत इथल्या विद्यार्थ्यांनी हवेच्या प्रदूषणाचा निषेध म्हणून वर्गणी काढून एक नवीकोरी फोर्ड मॅव्हरिक गाडी विकत घेतली आणि कॅम्पसवर खड्डा खणून पुरली. पहिला वसुंधरा दिन झाला तो यानंतर दोन महिन्यांनी, २२ एप्रिलला. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी तेव्हाच आक्षेप घेतला होता की हा पैसा गरजू वस्त्यांसाठी वापरायला हवा होता. पहिल्याच आठवड्यात वर्गात यावर वाद झाला. माझी मतं दोन्हीकडे गेली.

सुरुवात अवघड गेली, ते लपवत नाही. नवी इमारत, नव्या पद्धती, आणि तिसऱ्या वर्षातली बाकी मुलं एकमेकांना दोन वर्षं ओळखणारी. पहिल्या चाचणीत माझे गुण घसरले. याला इथे 'ट्रान्सफर शॉक' असं नावच आहे, आणि नाव आहे म्हटल्यावर थोडा धीर आला. प्रयोगशाळेत मात्र हात अडला नाही. तीसपेक्षा कमी मुलांच्या वर्गांत ब्युरेट हाताळलेली होती; तिथल्या काही मुलांनी पहिल्या वर्षाचं रसायन शेकड्यांच्या व्याख्यानात ऐकलं होतं. मंडळातल्या वहिनींना हे सांगावं असं एकदा वाटलं. मग त्यांची धाकटी यंदा बारावीला आहे, हे आठवलं. त्या स्वतःच विचारतील.

गेल्या डिसेंबरात सुट्टीत इचलकरंजीला गेले. सोबत गोळ्या टाकून रंग जुळवायचा एक साधा तपासणी किट होता. वडील आता नाहीत. आई म्हणाली, मी येते नदीवर. ती काठावर बसली, मी उगमाकडे तोंड करून पाण्यात उभी राहिले, बाटली तीनदा विसळली, नमुना घेतला, गोळ्या टाकल्या, घड्याळ लावलं. आकडा वहीत लिहिला; शेजारी तारीख, वेळ, पाण्याचं तापमान.

"मग? चांगलं हाय का वाईट?"

"एकदा मोजून सांगता येत नाही, आई. वेगवेगळ्या वेळी बघायला लागतं. पहाटे ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो."

आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाच वाजता तिनं मला हलवून उठवलं. अंगावर शाल, डोक्याला स्कार्फ, हातात ती बाटली.

"तीनदा विसळलीय," ती म्हणाली. "नळाखाली."

मी हो म्हटलं. नदीवर गेल्यावर तिच्याकडूनच ती पुन्हा तीनदा विसळून घेतली.